तीनशेची लेन्स आणि मावशी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या एकूण एक पाखराला माझ्या बायकोच्या मावशीचा आवाज ओळखता येत असे, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. माणसांचा तर प्रश्नच नव्हता. मूलला भाताच्या मिलला लागून असलेल्या शाळेत मावशीची सगळी नोकरी झाली. शेजारी मिल धडधडत असताना तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवायचे तर आवाज मिलच्या वर काढावा लागतो. तो तिने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वर काढला आणि पुढे खाली आणायचं राहून गेलं. भिंतीपलीकडच्या हमालांना एकोणतीसचा पाढा मुलांच्या आधी पाठ झाला असं तिथे सांगत, आणि ते खोटं असण्याचं काही कारण मला दिसत नाही. "तुमच्यातच ठेवजा," असं म्हणून तिने एखाद्या बाईच्या कानाशी तोंड नेलं की आसपासच्या घरांतले लोक हातातलं काम थांबवत. एकदा तापात तिचा आवाज बसला, तर गल्लीतली एक म्हातारी "शाळा इथून हलवली का?" असं विचारायला आली होती.

मी त्या घराचा जावई झालो तेव्हा माजरीच्या कोळसा खाणीत स्टोअरला कारकून होतो. सुट्टीला मूलला गेलो की मावशी बोलायची आणि मावसाजी ऐकायचे. कामाची ही वाटणी बहुधा त्यांच्या लग्नाच्या दिवशीच झाली असावी. मावसाजी आलापल्लीच्या सागवानाच्या डेपोत नोकरीला होते आणि सुट्टीला मूलला येत. आयुष्यभर ओंडक्यांच्या संगतीत राहून माणूस जसा होईल तसे ते झाले होते: सरळ, शांत आणि मोजून-मापून. बोलले तर पाखरांविषयी बोलत. त्यातही त्यांचा जीव धनेशावर. काळापांढरा, केळ्याएवढ्या पिवळ्या चोचीचा तो मोठा पक्षी त्यांनी मावशीला दाखवायचा किती वेळा घाट घातला, आणि किती वेळा मावशीने झाडाखाली पोचायच्या आधीच "कुठी आहे? कुठी आहे?" करून तो उडवून लावला, याला हिशेब नाही. मावसाजी कधी रागावले नाहीत. "गेला," एवढंच म्हणत आणि परत फिरत.

मग एका हिवाळ्यात मावसाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. नोकरी सोडून ते मूलला आले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बोलणं परत येऊ शकतं, तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा. माझी खात्री आहे की त्या डॉक्टरांच्या आयुष्यात त्यांचा एकही सल्ला इतका मनावर घेतला गेला नसेल. मावशी सकाळच्या चहापासून सुरू व्हायची. भाजी काय भावाने मिळाली, मुख्याध्यापक काय म्हणाले, चुलत नणंदेच्या सुनेने काय केलं, सगळं अंगणात कडुनिंबाखाली ठेवलेल्या मावसाजींच्या खुर्चीसमोर ओतलं जाई. मावसाजी कडुनिंबाकडे बघत बसत. फांदीवर एखादं पाखरू येऊन बसलं की मात्र त्यांचा डावा हात उचलला जाई आणि ओठ हलू लागत. "हाव, हाव, बुलबुल आहे, पाह्यला मी. चहा घेता न?" असं मावशी म्हणे, आणि हात खाली येई.

"जवाईबापू," ती मला एकदा म्हणाली, "यायले पाखरं पाहिजेत, बाकी काईच नको. हे जंगलात जाऊ शकत नाई, तं मीच जंगल घरी आणते."

जंगल आणायला तिने नागपूरच्या भावाकडून एक रशियन कॅमेरा मिळवला. तो इतका जड होता की त्याने फोटोही काढता येतो हे कळेपर्यंत मला तो वजनमाप वाटला. पहिला रोल धुऊन आला तेव्हा सगळ्या फोटोंत सुंदर आभाळ आलं होतं आणि आभाळात एकेक ठिपका. मावशीने प्रत्येक ठिपक्याला निळ्या शाईने बाण काढला आणि खाली सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. मावसाजींनी पहिला फोटो हातात घेतला, बाणाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि पुन्हा कडुनिंबाकडे नजर लावली. त्या दिवशी मावशीने ठरवलं की आपल्याला लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे.

चंद्रपूरला एक फोटोवाले भाऊ होते. पासपोर्टचे फोटो काढून काढून त्यांचा स्वतःचा चेहराही पासपोर्टसारखा झाला होता, पण माणूस जाणकार. ते म्हणाले, "बाई, पहिले दोन गोष्टी सांगा. कोणचं पाखरू, आन् किती दुरून. मग लेन्स मी सांगतो."

"पाखरू धनेश," मावशी म्हणाली. "आन् किती दुरून, ते पाखराइलेच इचारावं लागीन."

विचारण्याचं काम माझ्याकडे आलं. शाळेच्या मैदानाच्या टोकाला टिटव्या असत. मावशीने त्यांच्याकडे चालत जायचं, टिटवी उडाली की जागेवर थांबायचं आणि मी फीत लावून अंतर मोजायचं, असं ठरलं. मावशी निघाली. चालताना ती टिटवीला समजावत होती की बाई, भिऊ नको, मी तुले काई करत नाई, मी शिक्षिका आहे. दीडशे फुटांवर टिटवी उडाली. मी म्हटलं, "मावशी, आता एकदा न बोलता जाऊन पाहू."

ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. "मी कुठी बोलून राह्यली होती? चूपच होती की."

आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

दीडशे फूट म्हटल्यावर फोटोवाल्या भाऊंनी मान हलवली. त्यांच्या कपाटात एका निवृत्त साहेबाची जुनी तीनशेची, म्हणजे तीनशे मिलिमीटरची, लेन्स पडून होती, लांबलचक, काळी, पाट्याच्या वरवंट्यासारखी वजनदार. नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी पाहण्यापुरती पाचशेची आणवली. ही आतून आरशांवर चालणारी, आखूड, गोल, लोणच्याच्या बरणीएवढी आणि हलकी. मावशीने पाचशेची डोळ्याला लावली आणि दुकानाच्या दारातून समोरच्या रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचली, ड्रायव्हरची मिशी पाहिली, त्याने तंबाखू मळलेली पाहिली. "हेच पाहिजे," ती म्हणाली. "हे असली की झाडाजवळ जायचं कामच नाई. रस्त्यावर उभी राहून निवांत बोलत बोलत फोटो काढीन."

"थांबा बाई," भाऊ म्हणाले. "हे लेन्स उजेडाची भुकेली आहे. उन्हात सोनं. पण जंगलात सावली असते. उजेड कमी पडला की फोटो घ्यायले जास्त वेळ लागते, आन् तेवढ्यात एक तं पाखरू हालते नाई तं तुमचा हात. तीनशेची थोडं लहान दाखवते, पण हिचं तोंड मोठं आहे, अंधारातला उजेडबी ओढून घेते. दोन्ही घेऊन जा. एक रोल मारून पाहा. मग बोला."

त्या एका रोलसाठी मावशीने स्वतःच्या हाताने धनेश बनवला. जुन्या छत्रीचं काळं कापड, पोटाला पांढऱ्या साडीची चिंधी आणि चोचीच्या जागी एक पिकलेलं केळं. हे ध्यान शाळेमागच्या गर्द आंब्याच्या झाडावर बांधलं आणि आम्ही मोजून दीडशे फूट मागे आलो. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसेपर्यंत एक कावळा आला, त्याने धनेशाची पाहणी केली आणि चोच खाल्ली. मी दुसरं केळं बांधायला झाडावर चढलो. तिसऱ्या केळ्याच्या वेळी मावशीने कावळ्याला वर्गाबाहेर काढण्याच्या आवाजात दरडावलं. मग कावळा तर गेलाच, पण मिलमधले दोघे जणही घाबरून बाहेर आले. असा दोन्ही लेन्सनी, आधी सावलीत आणि मग उन्हातल्या फांदीवर हलवून, दुरून आणि जवळून धनेशाचा फोटो काढून झाला.

रोल धुऊन आला तेव्हा भाऊंनी फोटो काउंटरवर मांडले. पाचशेचा उन्हातला धनेश छान होता, फक्त मागच्या पानांवर जिथे जिथे उजेड पडला होता तिथे गोल गोल कडी उमटली होती. "मागं कोणी बांगड्या सांडल्या?" मावशीने विचारलं. आरशाच्या लेन्सला ते असायचंच, असं भाऊ म्हणाले. पाचशेचा सावलीतला फोटो म्हणजे नुसता धुरकट काळा गोळा. तीनशेचा दीडशे फुटांवरचा धनेश स्पष्ट, पण चिमणीएवढा. आणि तीनशेचाच पन्नास फुटांवरून काढलेला एक. त्यात केळ्यावरचा डागसुद्धा मोजता येत होता.

मावशी फोटोंकडे पाहत उभी राहिली. बाहेर टांगे जात होते आणि रस्त्यावर कोणी कुल्फी विकत होता. तिच्यासमोर अडचण काय होती हे मला कळत होतं. पाचशेची घेतली तर जन्मभर बोलायची मोकळीक होती, पण आलापल्लीच्या सावलीतला धनेश मिळणार नव्हता. तीनशेची घेतली तर धनेश मिळणार होता, पण पन्नास फुटांवर जाऊन गप्प बसावं लागणार होतं.

"तीनशेची द्या," ती शेवटी म्हणाली. "अंधार काई माझं ऐकनार नाई. तोंड तं माझंच आहे."

त्या दिवसापासून मावशीचा गप्प बसण्याचा सराव सुरू झाला. दुपारी जेवणं झाली की ती अंगणात स्टूल घेऊन बसे, मांडीवर ती लेन्स, पदराचं टोक दातांत. पहिल्या दिवशी तिचा चेहरा लाल झाला. तिचा हा अवतार पाहून मावसाजी खुर्चीत चुळबुळ करू लागले. त्यांनी काठी आपटली. मावशी गप्प. त्यांनी आणखी जोरात काठी आपटली, मग कसेबसे उठले, पाय ओढत तिच्यापाशी गेले आणि डावा हात तिच्या कपाळावर ठेवून ताप आहे का पाहू लागले. झटका आल्यापासून ते कोणाचा हात न धरता पहिल्यांदाच इतकं चालले होते. मावशीने पदर सोडला आणि "मले काई नाई झालं हो" म्हणून त्यांना परत खुर्चीत नेऊन बसवलं. त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा स्टुलावर होती.

बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असताना, मावसाजींना माझ्या बायकोवर सोपवून मावशी आणि मी आष्टीमार्गे आलापल्लीला गेलो. लेन्स तिने गोधडीत गुंडाळून छातीशी धरली होती. एसटीत एका बाईने उठून जागा दिली आणि विचारलं, "नातू का?" मावशी म्हणाली, "नाई, तीनशे आहे." ती बाई बाकी रस्ताभर खिडकीबाहेर पाहत राहिली.

आलापल्लीला एक वनरक्षक मावसाजींना ओळखणारा होता. त्याला एका जुन्या बेहड्याच्या झाडातली धनेशाची ढोली माहीत होती. या पाखराची रीत अशी की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी राहते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच, आणि बाहेरून नर तिला भरवतो. वनरक्षकाने दोन-चार दिवस आधीच पन्नास-साठ फुटांवर बांबूचा आडोसा उभा करून ठेवला होता, म्हणजे पाखराला त्याची सवय व्हावी. "बाई," तो म्हणाला, "इथी बोलाचं नाई हं. तो बिचकला तं आतली उपाशी राहीन." मावशीने मान हलवली. तिचं तोंड तेव्हाच पदराने भरलेलं होतं.

आम्ही बसलो. माश्या आल्या, मुंग्या आल्या, माझा पाय मुंग्या येऊन दगड झाला. मावशी हलली नाही. मग वरून सूं-सूं असा आवाज आला, इंजिन वाफ सोडतं तसा, आणि नर येऊन ढोलीपाशी बसला. एवढ्या जवळून मी ते पाखरू पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने मान आत घेतली, गळ्यातून एक उंबर वर आणलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि फटीपाशी नेलं. आतून काही आलं नाही. तो थांबला. मान थोडी वाकडी करून, उंबर तसंच धरून, तो थांबूनच राहिला. मला वाटलं आता जाईल. मग फटीतून फिकट चोचीचं टोक हळूच बाहेर आलं आणि उंबर आत गेलं. त्याने दुसरं काढलं, आणि पुन्हा तसाच थांबला.

शेजारून कॅमेऱ्याचा खटका वाजला. रशियन खटका, ट्रंकेचं झाकण पडावं तसा. नराने इकडे पाहिलं. आम्ही श्वास रोखला. त्याने तिसरं उंबर काढलं.

तो उडून गेल्यावर मावशी बोलू लागेल म्हणून मी वाट पाहिली. ती बोलली नाही. गावापर्यंत आलो, वनरक्षकाच्या घरी भात खाल्ला, एसटीत बसलो, तरी ती गप्प. आष्टी जवळ आली तेव्हा मला राहवलं नाही. "मावशी, बरं वाटत नाही का?"

"जवाईबापू," ती म्हणाली, "तो नर पाह्यला का तुम्ही? एक उंबर देते आन् थांबते. तिनं घेतलं का, गिळलं का, पाहते. मंग दुसरं. मी तं तुमच्या मावसाजीच्या तोंडात पहिला घास जायच्या आधी दुसरा कोंबून राह्यली होती."

"घास?"

"बोलण्याचा हो. डाक्टरनं बोलत राहा म्हटलं, मी बोलत राह्यली. यायनं कुठी बोलावं? मी जागा ठेवली होती का?"

मागच्या बाकावरच्या बाईने मध्येच "कोणता नर?" असं विचारलं, आणि मावशी मागे वळली. तिथून मूलपर्यंत ड्रायव्हर-कंडक्टरसकट अख्ख्या एसटीला धनेशाचा संसार समजला.

फोटोवाल्या भाऊंनी त्यातला एक फोटो मोठा करून दिला. मी आणि बायको तो घेऊन मूलला गेलो. मावशीने तो मावसाजींच्या डाव्या हातात ठेवला, समोर स्टुलावर बसली आणि गप्प राहिली. माझी बायको काही बोलायला गेली तर तिने तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तो डाग चार दिवस राहिला. मावसाजी फोटो पाहत होते. त्यांनी तो जवळ घेतला, लांब धरला. ओठ हलले आणि थांबले. मावशी बसलेलीच. ओठ पुन्हा हलले. शेजारी कोणाकडे तरी पाण्याची बादली भरत होती, तिचा आवाज बदलत बदलत ती काठोकाठ भरून वाहू लागली, इतका वेळ गेला.

"हा..." मावसाजी म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग: "हालला."

आम्ही तिघंही फोटोवर वाकलो. सगळा धनेश स्वच्छ आला होता, पिसन् पीस. फक्त चोचीचं टोक, उंबर पुढे करताना, किंचित हलून धूसर झालं होतं.

"काय म्हणाले?" मावशीने विचारलं. इतक्या हलक्या आवाजात ती बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

मावसाजींना आपल्याला परत विचारलं याचा रागच आला. त्यांनी अंगठा फोटोवर टेकवला. "चोच," ते म्हणाले. "हालला."

"हालली," मावशी म्हणाली. "चोच हालली." एवढं व्याकरण दुरुस्त करून झाल्यावर मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली.

त्यानंतर शब्द येत गेले. एकदम नाही, आणि सगळे नाहीत. काही वेगळ्याच कपड्यांत आले. कावळ्याला मावसाजी शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणत आणि चहाला 'डेपो'. पण टीका करायला लागणारे शब्द मात्र शाबूत होते. मावशी दर महिन्याला फोटो आणून समोर ठेवायची, आणि ते "लहान", "अंधार", "शेपूट कुठं?" असे निकाल देत. सुतार पक्ष्याच्या एका फोटोला ते "वा" म्हणाले, तेव्हा मावशीने गल्लीत पेढे वाटले. लोकांनी विचारलं कशाचे, तर म्हणाली, "पास झाली मी."

जंगलात ती गप्प राहायला शिकली, पण गावात तिचा आवाज होता तेवढाच राहिला. एक फरक मात्र झाला. वाक्य बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि मावसाजींकडे पाहायची. "आज सकाळी बाजारात मले भेटली ती..." मावसाजी विचार करून एखादा शब्द टाकत. बरोबर असला तर ती पुढे जायची, चुकीचा असला तरी तोच धरून पुढे जायची. त्यामुळे त्या घरातल्या हकीकती भलत्याच वळणांनी जाऊ लागल्या होत्या. ऐकणारा गोंधळून जाई. त्या दोघांना काही अडत नसे.

मावसाजी आणखी बरीच वर्षं त्या कडुनिंबाखाली बसले आणि मग एका शांत दुपारी गेले. त्यानंतर मी मावशीला भेटायला गेलो, तेव्हा ती मला शाळेतल्या कुणा नव्या बाईची हकीकत सांगत होती, जुन्याच खणखणीत आवाजात. बोलता बोलता ती मध्येच थांबली. खुर्ची रिकामी होती. तिने त्या बाजूला पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी घाईघाईने एक शब्द पुरवला. तो अगदीच चुकला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"चालते," मावशी म्हणाली आणि तोच शब्द घेऊन पुढे बोलू लागली.